सूतकताईचा आनंद आणि देवाचा निवासमंडप

शास्त्रपाठ : निर्गम ३५:२०-२९, ३६:२-७



निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायावर आपण अनेक उपदेश ऐकले असतील. मंदिराची इमारत बांधावयाची असते किंवा छपराची दुरुस्ती निघालेली असते, अशा वेळीच बहुधा या अध्यायाची आठवण होते. मीही असे उपदेश केले आहेत. सोने, रुपे व पितळ आणणाऱ्यांची यादी वाचावयाची, बसालेल व अहलियाब यांच्या कौशल्याचा गौरव करावयाचा आणि मग वर्गणीकडे वळावयाचे, असा तो ठरलेला मार्ग. या घाईत पंचविसावे व सव्विसावे वचन कित्येक वर्षे माझ्या नजरेतून निसटून गेले. त्या दोन वचनांत सूत कातणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांनी आपल्या हातांनी निळे, जांभळे व किरमिजी सूत आणि तलम सण कातून आणला, आणि त्यांच्यापैकी काहींनी बकऱ्यांचे केस कातले. या शेवटच्या स्त्रियांविषयी मूळ इब्री भाषेत जो शब्दप्रयोग आहे, त्याचा शब्दशः अर्थ असा की त्यांच्या अंतःकरणाने त्यांना वर उचलले. त्यांना कोणी नेमले नव्हते. त्यांच्या मनाने उचल खाल्ली आणि त्यांनी कातावयास घेतले.

या वचनाने मला उशिरा गाठले, आणि गाठले ते एका जुन्या अपराधाच्या आठवणीसह. तो अपराध आधी सांगतो.

सन १९८७ च्या सुमारास मी दिल्लीत होतो. तेथील काही मराठी ख्रिस्ती कुटुंबांचा दर बुधवारी दुपारी घरगुती पवित्र शास्त्रवर्ग भरत असे. दिल्लीच्या हिवाळ्यात दुपारचे ऊन म्हणजे देवाची देणगीच. अंगणात सतरंजी घालून आम्ही बसत असू. त्या वर्गात एक वयस्कर भगिनी येत. सर्व जण त्यांना काकू म्हणत. त्या नेमाने येत, नेमाने भिंतीपाशी बसत आणि वर्ग चालू असता त्यांच्या सुया चालू असत. सुलट, उलट, सुलट, उलट. मान खाली, कान माझ्याकडे. मला मात्र ती सुयांची टिकटिक खटकू लागली. एके दिवशी मार्था व मरीया यांच्यावर बोलत असता मी त्यांच्याकडे पाहून म्हणालो, की प्रभूच्या चरणांपाशी बसताना हात रिकामे असावेत. काकूंनी काही न बोलता सुया पिशवीत ठेवल्या.

पुढल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो, थोडा ओशाळून. मरून रंगाची लोकर खुर्चीवर होती. विषय काढावा म्हणून विचारले, “काकू, हा स्वेटर कुणासाठी?”

“कुणासाठी नाही, पाळकसाहेब. विणायला मला आवडतं.”

मग कळले की लोकर तीच असे. स्वेटर पुरा झाला की त्या तो उसवीत, लोकर गुंडाळीत आणि नव्या नक्षीने पुन्हा टाके घालीत. नवी लोकर दरवेळी परवडणारी नव्हती आणि घालणारेही घरात कोणी उरले नव्हते. त्याच लोकरीचा तो तिसरा का चौथा स्वेटर होता. उसवलेल्या धाग्याला जागोजागी बारीक वळणे पडलेली होती.

बंधुभगिनींनो, त्या वेळी मला यात केवळ वाया गेलेला वेळ दिसला. पाळकाच्या मनाला एक सवय जडलेली असते : कोणाच्या हाती काही गुण दिसला की तो मंडळीच्या कामी जुंपावयाचा. मी म्हणालो, काकू, हीच कला प्रभूच्या सेवेस लावा. नाताळापूर्वी अनाथ मुलांसाठी बारा स्वेटर हवे आहेत. लोकर आम्ही देऊ. त्या हो म्हणाल्या. पाळकाला नाही कोण म्हणणार? मग समिती आली, मापे आली, तारीख आली. बारांपैकी नऊ स्वेटर झाले. बाह्या लांब झाल्याची कोणीतरी कुरकुर केली. नाताळ पार पडला, मुलांना स्वेटर मिळाले आणि ते ऊबदार होते, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्यानंतर काकूंच्या हाती मी सुया पाहिल्या नाहीत. एकदा विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “आता तिकडे हात वळत नाहीत.” मी त्याला आळस समजलो. काही वर्षांनी त्या मुलीकडे नागपुरास गेल्या आणि तेथेच प्रभूमध्ये निजल्या.

सेवानिवृत्त झाल्यावर माझ्या हाताला करावयास काही उरले नाही. लहानपणी आमच्या प्राथमिक शाळेत सूतकताईचा तास असे. टकळी आणि पेळू घेऊन आम्ही मुले ओळीने बसत असू. तो तास मला फार प्रिय होता, हे मी साठ वर्षे विसरून गेलो होतो. एका खादी भांडारात टकळी दिसली, ती घेतली. पहिले पंधरा दिवस धागा सारखा तुटे. मग एका संध्याकाळी बोटांना आपोआप उमगले की पेळू किती घट्ट धरावा आणि किती सैल सोडावा. घट्ट धरला तर धागा तुटतो, सैल सोडला तर गाठाळ होतो. त्या दिवशी हातभर सलग सूत निघाले आणि मी घरात एकटाच मोठ्याने हसलो. पुढे पेटी चरखा आणला. गांधीजींच्या येरवड्याच्या कारावासात, १९३० च्या दशकाच्या आरंभी, पुस्तकासारखा मिटणारा हा चरखा आकारास आला आणि म्हणून तो येरवडा चरखा या नावानेही ओळखला जातो. तुरुंगाच्या कोठडीत मावावा एवढाच त्याचा आकार. माझ्या खोलीतही तो मावतो.

कातू लागलो आणि जे वचन मी तीस वर्षे विवाहप्रसंगी सांगत आलो, ते मला ठाऊकच नव्हते असे लक्षात आले. उपदेशकाच्या चौथ्या अध्यायातील तीनपदरी दोरीचे ते वचन. पती, पत्नी आणि प्रभू, असे मी म्हणत असे, आणि लोक माना डोलावीत. परंतु दोरी टिकते कशी, हे मी कधी पाहिले नव्हते. एकेरी सूत उजवीकडे पीळ देऊन कातले, तर त्याचा स्वभावच उलगडण्याचा असतो. हातातून सोडले की ते गिरक्या घेऊन मोकळे होऊ पाहते. असे दोन-तीन पदर एकत्र घेऊन त्यांना पुन्हा त्याच दिशेने पीळ दिला, तर सगळ्याचा गुंता होतो. पीळ उलट दिशेने द्यावा लागतो. मग प्रत्येक पदराची जी उलगडण्याची ओढ, तीच त्याला शेजारच्या पदराभोवती घट्ट बसविते. ज्या ओढीने धागा सुटावयाचा, त्याच ओढीने तो बांधला जातो. निवासमंडपाच्या पडद्यांकरिता जो तलम सण सांगितला आहे, त्याचा इब्री शब्दही असा पीळ घातलेला, पदरी धागा दर्शवितो. त्या दहा पडद्यांपैकी प्रत्येकाची लांबी अठ्ठावीस हात आणि रुंदी चार हात. लांबी म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे बारा ते तेरा मीटर. एवढ्या कापडास किती सूत लागले असेल आणि किती स्त्रियांची किती दिवसांची बोटे त्यात गेली असतील, हे ज्याने एक लडी कातली आहे त्यालाच थोडेसे कळते.

आणि बकऱ्यांचे केस! ते राठ आणि निसरडे. पेळू नीट धरवत नाही, बोटांना टोचते. शास्त्राने अंतःकरणाच्या त्या उचलीचा उल्लेख नेमका या अवघड कामाच्या ठिकाणी करावा, याचे मला नवल वाटते. त्या केसांचे अकरा पडदे तलम पडद्यांवर आच्छादन म्हणून होते. त्यांवर ना करूबांची नक्षी, ना जांभळा रंग. तरी तेथेच पवित्र आत्म्याने त्या स्त्रियांच्या हौसेची नोंद करून ठेविली आहे.

रंगांविषयी थोडे अधिक बोलू द्या, कारण हा नाद मला अलीकडे लागला आहे आणि घरात त्यावरून वादही झाला आहे. (रंगाचे पातेले निराळेच हवे. तुरटी आणि हिराकस घातलेल्या पातेल्यात पुन्हा स्वयंपाक होता कामा नये, हे पत्नीचे म्हणणे सर्वस्वी बरोबर होते.) सुती धागा रंग सहजी धरीत नाही. आधी तो धुण्याच्या सोड्यात उकळून त्याचा मेणचटपणा काढावा लागतो, मग हिरड्याच्या पाण्यात मुरवावा लागतो, मग तुरटीच्या. एवढे झाल्यावर मंजिष्ठेचा तांबडा त्यावर बसतो आणि धुतला तरी टिकतो. कांद्याच्या सालीचा पिवळा, डाळिंबाच्या सालीचा मळकट सोनेरी, असे घरच्या टाकाऊतूनही किती तरी रंग मिळतात. परंतु निळीची गोष्टच वेगळी. नीळ, चुना आणि गूळ यांच्या हंडीतील पाणी निळे नसते, हिरवट पिवळे असते. त्यात लडी बुडवून ठेवावी आणि हळूच वर काढावी. ती हिरवट पिवळीच निघते. मग वारा लागतो आणि डोळ्यांदेखत हिरवा ओसरून निळा चढत जातो. दोन-चार मिनिटांचा खेळ. माझी नात ते पाहून टाळ्या वाजविते. मीही तसाच पाहत राहतो, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारखे वाटते.

निवासमंडपाचे निळे व जांभळे सूत मात्र वनस्पतीच्या निळीचे नव्हते, असे अभ्यासक मानतात. ते रंग भूमध्य समुद्रातील शंखवासी गोगलगायींपासून काढीत. सन १९०९ मध्ये पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने अशा १२,००० गोगलगायींपासून रंग काढला, तेव्हा त्याच्या हाती अवघा १.४ ग्रॅम आला. सन २०२१ मध्ये इस्राएलातील तिम्ना खोऱ्यातून मिळालेल्या लोकरीच्या तंतूंवर हाच जांभळा रंग असल्याचे प्रसिद्ध झाले. ते तंतू सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचे, म्हणजे दाविदाच्या काळाच्या आसपासचे, ठरले आहेत. तीन सहस्रके वाळवंटाच्या कोरड्या हवेत तो रंग टिकून राहिला! थुवतीराची लुदिया फिलिप्पैत जो माल विकत होती, त्याचे मोल यावरून ध्यानात यावे. किरमिजी रंग तर ओकवृक्षावरील एका बारीक किड्यापासून मिळे. आपल्या मराठीतील ‘किरमिजी’ हा शब्दही त्या किड्याच्या फारसी नावावरून आलेला आहे. यशयाच्या पहिल्या अध्यायात पापाची तुलना याच रंगाशी केली आहे. ज्याने पक्का तांबडा उतरविण्याचा एकदा प्रयत्न केला आहे, त्याने ते अठरावे वचन पुन्हा वाचून पाहावे. लोकर पुन्हा पांढरी होणे ही रंगाऱ्याच्या हाताबाहेरची गोष्ट आहे.

आता कोणी म्हणेल, पाळकसाहेब, हे सर्व मनोरंजक आहे, परंतु यात सुवार्ता कोठे? ज्या देशात कोट्यवधी लोकांना पोटाची भ्रांत आहे, तेथे हौसेने सूत रंगवीत बसणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय? हा प्रश्न मी टाळू इच्छीत नाही. सन २०१९-२० च्या हातमाग गणनेप्रमाणे आपल्या देशात हातमागाशी संबंधित काम करणारे ३५ लाखांहून अधिक लोक आहेत आणि त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. त्यांना हा विरंगुळा नाही. आमच्या महाराष्ट्रात सनगर विणकर धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी विणतात, चिंचोक्याची खळ लावून ती उन्हात ताणतात. खड्ड्याच्या मागावर दिवसभर बसून त्यांची पाठ मोडते. माझा धागा तुटला तर मी हसतो. त्यांचा तुटला तर मजुरी बुडते. हौसेने कातणाऱ्याने हा भेद विसरणे म्हणजे निव्वळ उद्दामपणा होय. एवढे मात्र स्वानुभवाने सांगतो, की कातू लागल्यापासून खादीच्या दुकानात किंवा घोंगडीवाल्याशी घासाघीस करण्यास माझी जीभ उचलत नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेल्या मजुरीचा जो आक्रोश आहे, तो मला पूर्वी केवळ कानांनी ऐकू येत असे.

पण प्रश्नाचा दुसरा भाग उरतोच. आनंदाला उपयोगाचा दाखला जोडल्यावाचून तो देवापुढे आणता येत नाही काय? आपण मंडळीत टबीथेचे उदाहरण देतो. यापो येथील विधवांनी तिने केलेली वस्त्रे रडत रडत पेत्राला दाखविली, हे खरे आणि मोलाचे आहे. परंतु त्या एका उदाहरणाने आपण इतर सर्व सुयांचा हिशेब मागू लागतो. निर्गमातील क्रम निराळा आहे. तेथे आधी मने उचल खातात, मग हात चालतात आणि मग अर्पण येते. आणि इतके येते, की छत्तिसाव्या अध्यायात कारागीर आपली कामे सोडून मोशेकडे तक्रार घेऊन जातात : लोक गरजेपेक्षा फार जास्त आणत आहेत! मोशेला छावणीभर दवंडी पिटून स्त्रीपुरुषांना आवरावे लागते. सत्तेचाळीस वर्षांच्या सेवेत मंडळीच्या वर्गणीविषयी असली तक्रार घेऊन माझ्याकडे कोणी आलेले नाही. का आले नसेल, याचा मी पूर्वी विचार केला नव्हता. मी क्रम उलटा लावला होता. काकूंचे अंतःकरण वर उचललेले होते, आणि मी त्यावर बारा स्वेटरांचे ओझे ठेविले. मुलांना थंडी वाजत होती, ती निवारणे मंडळीचे कर्तव्यच होते. पण त्या कर्तव्यासाठी वर्गणी काढून बाजारातून स्वेटर आणता आले असते. काकूंचा आनंद बाजारात मिळणारा नव्हता.

प्रभूने स्वतः भूकमळांकडे बोट दाखविले, ते मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आपण वाचतो. ती कष्ट करीत नाहीत आणि कातीतही नाहीत, असे तो म्हणाला. हे ऐकून काही जण समजतात की प्रभूने कातण्याला कमी लेखले. मला तसे वाटत नाही. ज्याच्या घरी आई चाती फिरवीत असेल, त्यालाच फुलाकडे पाहून आधी कातण्याची आठवण होईल. आणि फुलांविषयी तो काय सांगतो? उद्या भट्टीत पडणाऱ्या रानगवताला देव शलमोनाहून सुंदर पोशाख चढवितो. त्या पोशाखाचा कोणाला उपयोग? आज आहे, उद्या नाही. देवाला ते आवडते एवढेच.

जर्मनीतील हाम्बुर्गच्या चित्रसंग्रहालयात एक वेदीचित्र आहे. इसवी सन १४०० च्या सुमारास बुक्स्टेहुडे या गावासाठी ते केले गेले आणि मास्टर बर्ट्राम या चित्रकाराच्या चित्रशाळेशी त्याचे नाव जोडले जाते. मी त्याची छापील प्रतच पाहिली आहे. त्यात पवित्र मरीया बसून चार सुयांवर एक अंगरखा विणीत आहे. अंगरखा जवळजवळ पुरा झाला आहे, ती गळ्याचे टाके विणीत आहे. गोल विणल्यामुळे त्याला शिवण नाही. पायांशी बाळ येशू पुस्तक सोडून मागे वळून पाहत आहे, कारण दोन देवदूत वधस्तंभ, भाला व काट्यांचा मुकुट घेऊन आले आहेत. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात शिपायांनी ज्यावर चिठ्ठ्या टाकल्या, तो बिनशिवणीचा अंगरखा कसा आला असेल, हे चित्रकाराने आपल्या काळाच्या विणकामात कल्पिले. सुयांवरचे असे विणकाम प्रभूच्या काळी नव्हते. योहान सांगतो तो अंगरखा मागावर विणलेला. तरी मला ते चित्र खोटे वाटत नाही. देवदूत दाराशी उभे आहेत, पुढचे सर्व येऊ घातले आहे, आणि मरीयेची नजर टाक्यांवर आहे. तो अंगरखा वधस्तंभाखाली जाणार आहे म्हणून तिने विणला, असे कोण म्हणेल? मूल वाढत होते, लोकर हाती होती, ती विणीत होती.

मी काकूंकडे क्षमा मागू शकलो नाही. नागपुरास दोनदा गेलो, दोन्ही वेळा दुसऱ्या कामासाठी, आणि वेळ काढला नाही. प्रभूपुढे ते कबूल केले आहे, आज आपणापुढे करीत आहे.

परवा आमच्या मंडळीचे तरुण कार्यवाह घरी आले होते. खिडकीशी दोरीवर मंजिष्ठेत रंगविलेल्या तीन लड्या वाळत होत्या. मोठ्या कौतुकाने त्यांनी त्या हाताळल्या. मग खिशातून वही काढून ते म्हणाले, “साहेब, उपकारस्तुतीच्या सणाला विक्रीचे टेबल लावणार आहोत. हे सूत कुणासाठी आहे?”

“कुणासाठी नाही,” मी म्हणालो. “कातायला मला आवडतं.”

त्यांनी वही मिटली. आम्ही चहा घेतला. निघताना ते दाराशी घुटमळले आणि चरख्याकडे पाहत त्यांनी विचारले, हे फिरवून पाहू का? मी उठून त्यांना जागा करून दिली. त्यांचा पहिला धागा तुटला. दुसराही तुटला.